आधी मापाची पारख!

उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगाची गाठ निम्म्याने घटल्याचे वृत्त वर्षातून कितीतरी वेळा वृत्तपत्रांच्या स्तंभांतून झळकत असते. कोठे एखादे नवे रसायन, कोठे एखाद्या वनस्पतीचा अर्क, तर कोठे शरीराच्या प्रतिकारशक्तीला जाग आणणारे औषध. निमित्ते वेगवेगळी, पण वृत्ताचा साचा ठरलेला. गाठ अमुक टक्क्यांनी आक्रसली आणि म्हणून मानवजातीच्या एका दुर्धर शत्रूचा अंत जवळ आला, असा तो साचा. ज्या घरात या रोगाने पाऊल टाकले आहे, त्या घरातील माणसे असे वृत्त कापून ठेवतात, डॉक्टरांना दाखवितात, मुंबईच्या नातलगांना कळवितात. त्यांच्या आशेची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या आशेचा मान राखायचा तर एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि नेमका तोच सहसा विचारला जात नाही. गाठ घटली हे ठरविले कशाने? ज्या मापाने ती मोजली, त्याच मापाने तीच गाठ, औषधाचा थेंबही न देता, लागोपाठ दोनदा मोजली असती तर दोन्ही वेळा उत्तर एकच आले असते काय?

हा प्रश्न वरवर पाहता काथ्याकूट करणाऱ्या पंडितांचा वाटेल. तसा तो नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकायला बसणाऱ्याच्या तराजूवरही वजनमापे खात्याची मोहोर असावी लागते. २००९ च्या वैधमापन कायद्याने व्यापारी वजनमापांची ठरावीक मुदतीने पडताळणी व मुद्रांकन सक्तीचे केले आहे. मापात पाप नसावे, हा आपल्या समाजाचा फार जुना दंडक. कायद्याने त्याला केवळ कलमांचे रूप दिले. किलोभर मिरचीच्या बाबतीत आपण इतके जागरूक असतो, आणि ज्या आकड्यावर एखादे औषध माणसाच्या शरीरात जावे की जाऊ नये याचा निर्णय होतो, त्या आकड्यामागील मापावर कोणती मोहोर आहे याची मात्र विचारपूसही करीत नाही. ही विसंगती आहे, आणि ती दूर झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विषय नीट समजण्यासाठी प्रयोगाची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे. कर्करोगावरील औषध माणसाला देण्यापूर्वी प्रयोगशाळेतील पेशींवर आणि त्यानंतर प्राण्यांवर, बहुधा उंदरांवर, त्याची परीक्षा होते. उंदराच्या कातडीखाली किंवा एखाद्या अवयवात कर्कपेशी रुजवितात. गाठ वाढू लागली की प्राण्यांचे दोन गट करतात. एका गटाला औषध मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. काही दिवसांनी दोन्ही गटांतील गाठींची तुलना होते. पूर्वी शरीराच्या आत दडलेली गाठ पाहण्यासाठी प्राणी मारण्यावाचून गत्यंतर नसे. पाच वेगवेगळ्या दिवशींची स्थिती पाहावयाची आणि दर वेळी दहा प्राणी हवेत म्हटले की एका गटासाठी पन्नास जीव खर्ची पडत. शिवाय पहिल्या दिवशी ज्याची गाठ पाहिली तो प्राणी वेगळा आणि दहाव्या दिवशीचा वेगळा. तुलना एकाच जिवाच्या दोन अवस्थांची नसून दोन वेगळ्या जिवांची असे.

लहान प्राण्यांसाठी बनविलेल्या चित्रणयंत्रांनी हे चित्र पालटले. क्ष-किरणांचे सूक्ष्म सीटी, चुंबकीय अनुनादाचे एमआरआय, किरणोत्सारी शर्करेचा माग काढणारे पेट यांच्या साहाय्याने तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे, जिवंत ठेवून, पुनःपुन्हा पाहता येऊ लागला. पन्नासांऐवजी दहा प्राणी पुरू लागले. रसेल व बर्च या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी जी त्रिसूत्री सांगितली, तिचा आशय असा की शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या यातना कमी कराव्यात. या त्रिसूत्रीतील दुसऱ्या सूत्राला चित्रणाने मोठेच बळ दिले, हे निःसंशय होय. या प्रगतीचे आम्ही स्वागतच करतो.

मात्र या प्रगतीबरोबर एक जबाबदारीही आली. प्राणी कमी झाले की प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक मापावर अधिक भार पडतो. सोमवारचे माप आणि पुढच्या सोमवारचे माप यांतील अंतर म्हणजेच औषधाचा गुण, असे आपण मानू लागतो. परंतु त्या अंतरात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: गाठीत खरोखर झालेला बदल, प्राण्याच्या शरीरस्थितीत त्या दिवशी पडलेला फरक आणि मोजणाऱ्याच्या हाताची किंवा यंत्राची चूक. दुसरी व तिसरी गोष्ट किती मोठी आहे हे ठाऊक नसेल, तर पहिलीबद्दल बोलण्याचा हक्क कोणालाही पोहोचत नाही.

साध्यात साधे माप घेऊ. कातडीखालची गाठ कॅलिपरने मोजतात. लांबी व रुंदी घेऊन, लांबीला रुंदीच्या वर्गाने गुणून, त्याचे अर्धे केले की आकारमान मिळते, असा रूढ हिशेब आहे. आता समजा, पाच मिलिमीटर व्यासाची वाटोळी गाठ मोजताना दोन्ही बाजूंना केवळ एका मिलिमीटरची चूक झाली आणि ती सहा मिलिमीटर भरली. आकारमान व्यासाच्या घनाने वाढते. त्यामुळे कागदावर गाठ तब्बल ७३ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. उलट तीच गाठ चार मिलिमीटर मोजली गेली तर ती ४९ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्याने, घटल्याची नोंद होईल. औषध नाही, उपचार नाही, केवळ एका मिलिमीटरचा फेर! मऊ कातडी, खालची चरबी, हलणारा जीव आणि कॅलिपरच्या जबड्यांचा कमीअधिक दाब एवढ्या गोष्टी जमेस धरल्या, तर एक मिलिमीटर ही काही फार मोठी चूक नव्हे.

ही शंका केवळ कागदी गणिताची नाही, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे मोअर्टेल व त्यांचे सहलेखक हॅन्ली यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते. त्यांचा प्रयोग साधा आणि मार्मिक होता. मऊ गादीवर बारा घन गोळे मांडले, त्यांवर फोम रबराचा थर पसरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना हे गोळे, रुग्णाच्या पोटातील गाठी चाचपून मोजाव्यात तसे, मोजावयास सांगितले. त्या बारांत दोन जोड्या अगदी सारख्या आकाराच्या होत्या. मोजणारांना याची कल्पना नव्हती. गोळे अर्थातच निर्जीव. ते वाढणार नव्हते की घटणार नव्हते. तरीही, दोन व्यासांचा गुणाकार २५ टक्क्यांनी घटला म्हणजे उपचार लागू पडला, अशी कसोटी लावली तेव्हा सारख्याच गोळ्यांच्या बाबतीत सुमारे १९ ते २५ टक्के वेळा 'गाठ घटली' असा निष्कर्ष निघाला. कसोटी ५० टक्क्यांवर नेली तेव्हा खोट्या यशाचे हे प्रमाण सात-आठ टक्क्यांवर आले. रबराखालील गोळ्याला उपचाराविना गुण येतो, याहून बोलका धडा कोणता असू शकेल? १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांसाठी जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत गुणाकार ५० टक्क्यांनी घटण्याचीच अट होती, आणि २००० मध्ये आलेल्या नव्या निकषांतील 'व्यासात ३० टक्के घट' ही अटही हिशेबाने जवळपास तेथेच येते. माणसाच्या बाबतीत वैद्यकाने हा धडा गिरविला. प्रश्न आहे तो उंदराच्या पिंजऱ्याजवळचा.

कोणी म्हणेल, कॅलिपर हे जुनाट हत्यार. आता लाखो-कोट्यवधींची यंत्रे आली आहेत, मग चुकीला जागा कोठे? यंत्रे सुधारली आहेत, यात वाद नाही. कोपनहेगन येथील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या कातडीखालील गाठी कॅलिपर, सूक्ष्म सीटी आणि पेट अशा तीन रीतींनी मोजून ताडून पाहिल्या, तेव्हा आकारमानासाठी सूक्ष्म सीटी अधिक अचूक व अधिक स्थिर ठरले. परंतु याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट निघते. सर्व यंत्रे सर्व कामांना सारखी नसतात. पेट हे गाठीचा आकार सांगण्यासाठी नव्हे, तर तिची भूक सांगण्यासाठी आहे. कर्कपेशी सामान्यतः शर्करा अधिक खातात. त्या शर्करेला किरणोत्सारी फ्लुओरीन जोडून ती प्राण्याच्या शेपटीच्या शिरेतून आत सोडतात आणि ती कोठे साठते याचे चित्र घेतात. या फ्लुओरीनचे तेज सुमारे ११० मिनिटांत अर्ध्यावर येते. तेवढ्या अवधीत सारे उरकावे लागते. आणि येथेच खरी गोम आहे. यंत्र चोख असले तरी ज्याचे माप घ्यावयाचे तो जीवच क्षणोक्षणी बदलत असतो.

उंदीर हा वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा प्राणी. त्याला पोटभर खाऊ घालून चित्र घेतले तर रक्तातील साखर वाढलेली असते. ती साखर किरणोत्सारी शर्करेशी स्पर्धा करते आणि गाठीचे तेज मंदावते. उपाशी ठेवले तर चित्र वेगळे. खोली गार असली तर शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याची तपकिरी चरबी आणि स्नायू शर्करा ओढून घेतात. भूल दिली तर कोणत्या औषधाने दिली यावर साखरेची पातळी आणि हृदयाची गती अवलंबून राहते. शेपटीच्या शिरेत सुई नीट बसली नाही आणि थोडा द्राव शेपटीतच झिरपला, तर गाठीपर्यंत कमी पोहोचतो. गाठ बिचारी होती तेथेच असते, पण चित्रात ती 'निवलेली' दिसते! लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये उपवास, ऊब आणि भूल या तीन गोष्टी बदलून उंदरांची चित्रे घेतली, तेव्हा गाठ आणि आजूबाजूचे अवयव यांच्या तेजातील प्रमाण कित्येक पटींनी बदललेले आढळले. औषध एकही दिले नव्हते. केवळ उंदराची बडदास्त बदलली होती.

मग सर्व काळजी घेऊन, त्याच उंदराचे, त्याच यंत्रावर, काही तासांच्या अंतराने दोनदा चित्र घेतले तर? हाच या विषयाचा कळीचा प्रयोग होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तो करून २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एका उंदराच्या दोन मापांत सरासरीने सुमारे १५ टक्क्यांची डळमळ आढळली. इतक्या अल्प काळात गाठ बदलण्याचे काही कारण नव्हते. तेव्हा ही डळमळ मापाची आणि त्या जिवाच्या त्या घटकेची. संशोधकांनी ती लपविली नाही, हे त्यांचे भूषण. किंबहुना आपल्या मापाचा खोटेपणा किती आहे हे सांगू शकणारी प्रयोगशाळाच विश्वासास पात्र ठरते, हे सूत्र येथे ध्यानी घ्यावे.

या १५ टक्क्यांचा व्यवहारातील अर्थ मात्र कित्येकांच्या लक्षात येत नाही. ब्लँड व ऑल्टमन या दोघा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला लेख याबाबत मार्गदर्शक मानला जातो. त्यांच्या रीतीने हिशेब केला, तर लागोपाठच्या मापांतील डळमळीला सुमारे २.७७ ने गुणावे लागते. खरा बदल काहीच नसताना दोन मापांतील अंतर शंभरांपैकी पंचाण्णव वेळा त्या मर्यादेच्या आत राहते. डळमळ १५ टक्के असेल, तर ही मर्यादा ४१-४२ टक्क्यांवर जाते. म्हणजे एखाद्या एकट्या उंदराच्या गाठीचे तेज ३० टक्क्यांनी उतरले, तर त्यावरून औषधाला गुण आहे असे म्हणता येत नाही, आणि नाही असेही म्हणता येत नाही. तो आकडा मुका आहे. मुक्या आकड्याच्या तोंडी आपली इच्छा घालणे म्हणजे विज्ञान नव्हे.

याच दोघा शास्त्रज्ञांनी आणखी एक भ्रम दूर केला. दोन मापे जुळतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्यातील सहसंबंधाचा आकडा देण्याची प्रथा होती. अजूनही ती पुरती मोडलेली नाही. एखाद्या दुकानदाराचा तराजू प्रत्येक जिन्नस नेमका दुप्पट दाखवीत असेल, तर त्याचा खऱ्या तराजूशी सहसंबंध शंभर टक्के निघेल. गिऱ्हाईक मात्र पुरते नागवले जाईल! सहसंबंध म्हणजे एकमत नव्हे. शिवाय मोहरीएवढ्या गाठीपासून लिंबाएवढ्या गाठीपर्यंत सारी एकत्र घेतली, तर कोणतेही दोन ढोबळ तराजू एकमेकांशी 'सहमत' दिसतात. खरी परीक्षा जवळजवळच्या आकारांत फरक करता येतो की नाही, ही आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. प्रयोग एका उंदरावर होत नाहीत, गटांवर होतात. सरासरी घेतली की लहानमोठ्या चुका एकमेकींना छेद देतात. खरे आहे. दहा प्राण्यांची सरासरी घेतली तर निव्वळ मापाची ती मर्यादा ४१-४२ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर येते. म्हणूनच आधी डळमळ मोजली, तर किती प्राणी हवेत हे प्रामाणिकपणे ठरविता येते. कमी घेतले तर सारे बळी व्यर्थ, जास्त घेतले तर अधिकचे बळी निष्कारण. पण सरासरीचा हा गुण डावीउजवीकडे झुकणाऱ्या चुकांपुरताच आहे. चूक जर नेहमी एकाच बाजूला झुकणारी असेल, तर दहा काय, दहा हजार उंदीर घेतले तरी ती तसूभर हलत नाही. औषध घेतलेल्या उंदरांची अन्नावरची वासना उडाली आणि त्यामुळे त्यांच्या रक्तातील साखर उतरली, तर गाठीचे तेज औषधाच्या खऱ्या गुणाशी संबंध नसतानाही बदलेल. एका गटाचे चित्रण सकाळी व दुसऱ्याचे दुपारी झाले, तरी तेच. आणि चित्रावर गाठीची सीमारेषा आखणाऱ्याला कोणता पिंजरा औषधाचा हे ठाऊक असेल, तर त्याचा हात नकळत आपल्या इच्छेच्या दिशेने वळेल. यात कोणी लबाडी करतो असे आम्ही म्हणत नाही. मनुष्याची दृष्टी आशेने रंगलेली असते, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप प्राण्यांच्या बाजूचा. एक चित्र पुरत असताना दुसरे घ्यावयाचे म्हणजे त्या जिवाला पुन्हा भूल, पुन्हा सुई, पुन्हा किरणोत्सार. दयेच्या नावाखाली आणलेली पद्धत पुन्हा यातनेकडेच नेणार काय? हा प्रश्न आम्हांला मोलाचा वाटतो. परंतु प्रत्येक प्रयोगात प्रत्येक उंदराचे दुहेरी चित्रण करा, असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर, आपल्या रीतीने, मोजक्या प्राण्यांवर एकदा ही परीक्षा घ्यावी, ती प्रसिद्ध करावी आणि यंत्र किंवा रीत बदलली तरच पुन्हा घ्यावी. या मोजक्या प्राण्यांचा त्रास पुढील शेकडो प्राण्यांचे व्यर्थ मरण टाळतो. डळमळत्या मापावर आधारलेला प्रयोग हीच प्राण्यांशी होणारी खरी क्रूरता आहे, कारण त्यातील प्रत्येक जीव काहीही सिद्ध न करता जातो.

यंत्रांच्या परीक्षेसाठी तर जीवही लागत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमआरआय यंत्रे पारखण्यासाठी एक युक्ती योजिली गेली. तिचा पाया कोणत्याही गृहिणीच्या परिचयाचा आहे. वितळत्या बर्फात ठेवलेल्या पाण्याचे तापमान शून्य अंशावर स्थिर राहते. त्या तापमानाला पाण्याचे रेणू ज्या वेगाने इकडेतिकडे विखुरतात, तो वेग पणजीत जो तोच पॅरिसमध्ये: सेकंदाला सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर. गाठीतील पाण्याची हालचाल मोजणारे यंत्र या बर्फाच्या पाण्यावर जो आकडा दाखवील, तो याच्याशी ताडून पाहावयाचा. निरनिराळ्या इस्पितळांतील यंत्रे अशी पारखली तेव्हा मध्यभागी ती बऱ्यापैकी खरी उतरली, पण मध्यापासून कडेला सरकावे तसतसा काही यंत्रांचा आकडा ढळू लागला. निसर्गाने फुकट दिलेला हा कसोटीचा दगड आहे. तो वापरण्यास श्रीमंती नव्हे, शिस्त लागते.

ही शिस्त नसली म्हणजे काय होते, याची चिन्हे जगाने पाहिली आहेत. अमेरिकेतील अॅम्जेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले प्रयोगशाळेतील अभ्यास पुन्हा करून पाहिले. त्यांपैकी केवळ सहांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर कर्करोगविषयक संशोधनाच्या पडताळणीचा एक स्वतंत्र व खुला प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचे फलित २०२१ च्या डिसेंबरमध्ये बाहेर आले. ५३ शोधनिबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २३ निबंधांतील ५० प्रयोगच होऊ शकले. ज्या प्रयोगांनी परिणाम दाखविला होता, त्यांच्या पुनरावृत्तीत तो परिणाम मध्यमानाने ८५ टक्के लहान भरला. आणि सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, १९३ पैकी एकाही प्रयोगाचे वर्णन मूळ लेखकांना न विचारता तो जसाच्या तसा करता येईल इतके पूर्ण नव्हते. या साऱ्या अपयशाचे खापर चित्रणाच्या मापावर फोडणे अन्यायाचे होईल. त्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु उंदराला किती तास उपाशी ठेवले, खोली किती अंश उबदार होती, कोणती भूल दिली आणि सीमारेषा कोणी आखली, हेच ज्या निबंधात नसते, त्याचा आकडा दुसऱ्याच्या हाती पुन्हा कसा यावा?

नुकसान दुहेरी आहे, हेही विसरता कामा नये. खोटे औषध खरे ठरून माणसापर्यंत पोहोचते, तेव्हा रुग्णाचा पैसा आणि, त्याहून मोलाचा, त्याचा उरलेला काळ वाया जातो. पण त्याच डळमळत्या मापामुळे एखादे खरे औषधही गर्दीत हरवते. त्याचा बेताचाच, पण खरा गुण मापाच्या थरथरीत बुडून जातो आणि ते कपाटात पडून राहते. पहिल्या चुकीची निदान चर्चा होते. दुसरीची तर कोणाला वार्ताही लागत नाही.

हा विषय परक्या देशांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि गोमंतकातील कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या त्याची पायरी चढली आहे. त्याच संस्थेच्या खारघर येथील संशोधन केंद्रात लहान प्राण्यांच्या चित्रणाची सोय आहे. देशातील इतर संशोधनसंस्था व औषध कंपन्याही प्राण्यांवर प्रयोग करतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नीतिविषयक समितीची संमती घ्यावी लागते. प्राणी किती, यातना किती, पर्याय आहे काय, हे त्या समितीने विचारावयाचे असते. त्यात एका प्रश्नाची भर पडावी, अशी आमची सूचना आहे: तुमचे माप दोनदा घेतले तर किती जुळते?

सूचना मोजक्याच आहेत. संशोधनाला सार्वजनिक पैसा देणाऱ्या यंत्रणांनी, चित्रणावर आधारलेल्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या प्रयोगशाळेच्या पुनर्मापनाचा आकडा मागावा. तो नसेल, तर तो मिळविण्यासाठी आधी थोडा पैसा द्यावा आणि मोठा पैसा मागाहून. गाठीची सीमा आखणाऱ्याला गटाची ओळख नसावी आणि प्राणी गटांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागलेले असावेत, हे नियम कागदावर नव्हे तर पिंजऱ्याजवळ पाळले जावेत. प्राणिप्रयोगांचे वृत्तांत कसे लिहावेत याची ब्रिटनमध्ये २०१० साली तयार झालेली आणि २०२० साली सुधारलेली नियमावली जगभर उपलब्ध आहे. ती नव्याने शोधण्याची गरज नाही, पाळण्याची आहे. विद्यापीठांनीही तरुण संशोधकाला पहिला धडा नव्या शोधाचा न देता, हातातले माप पारखण्याचा द्यावा. दोनदा मोजून 'आमचे माप इतके चुकते' असे सांगणाऱ्या निबंधाला कोणी टाळ्या वाजवीत नाही, पदोन्नतीही देत नाही. ही वृत्ती पालटल्याखेरीज नियमांचा उपयोग बेताचाच होईल.

वृत्तपत्रांचेही कर्तव्य आहेच. उंदरावरील प्रयोगाचे वृत्त छापू नये, असे आम्ही म्हणणार नाही. लोकांच्या पैशाने चाललेल्या शोधाची वार्ता लोकांपर्यंत गेलीच पाहिजे. पण गाठ इतक्या टक्क्यांनी घटली असे लिहिताना ते माप स्वतःच किती टक्क्यांनी हलते, हेही विचारावे आणि छापावे. उत्तर मिळाले नाही, तर मिळाले नाही असेच छापावे. शास्त्राला कमीपणा आणण्याचा यात हेतू नाही. ज्या शास्त्रावर माणसाने आपला जीव सोपवावयाचा, त्याच्या आकड्याला निदान बाजारातल्या तराजूइतकी मोहोर असावी, एवढेच हे मागणे आहे. रुग्णाच्या घरी कापून ठेवलेल्या त्या वृत्तावर कोणाची तरी सारी उमेद टेकलेली असते. तिला खोटे माप देण्याचा अधिकार कोणालाही नाही.